दुर्मिळपणाचें मोल आणि खेळाचा रस

समीक्षेचा विषय कोणता असावा व कोणता नसावा यासंबंधीं आपल्याकडील विद्वानांत एक ठरीव समजूत दिसते. नाटक, काव्य, कादंबरी, फार तर चित्र किंवा शिल्प, एवढ्यांनाच परीक्षणाचा मान. बाकीच्या मनुष्यनिर्मित वस्तूंची वासलात बाजारानें लावावी, असा तो दंडक आहे. या दंडकास अनुसरून पाहिलें तर मेजावर ठेवून खेळावयाचे, द्रव-स्फटिकी पडद्याचे, चाळीस वर्षांपूर्वींचे विद्युत्खेळ हा विषय या मासिकाच्या पानांत मुळींच शोभणार नाहीं. परंतु बाजारानें या खेळांची वासलात ज्या रीतीनें लावली आहे ती पाहतां परीक्षकानें मध्यें पडणें अवश्य आहे असें मला वाटतें. ज्या यंत्राशीं एके काळीं मुलांनीं मनसोक्त झोंबी घेतली, तेंच यंत्र आज न उघडलेल्या खोक्यांत असल्यास मोठ्या किमतीस जातें, आणि उघडून खेळलेलें असल्यास त्याचा भाव उतरतो. म्हणजे ज्याकरितां ती वस्तु निर्माण झाली तें कार्य तिनें केलें, हाच तिचा दोष ठरतो! असा न्याय जेथें चालतो तेथें ‘मोल’ या शब्दाचा अर्थ एकदां तपासून घेतला पाहिजे.

माझ्यापुढें दोन प्रश्न आहेत. हे खेळ कलाकृति म्हणून कितपत सरस आहेत, हा पहिला. आणि त्यांची दुर्मिळता व त्यांची सरसता यांचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे काय, हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागल्यावांचून दुसऱ्यास हात घालतां येत नाहीं. आणि पहिल्याचा निकाल लावावयाचा तर हे खेळ कशाचे घडले होते व कोणत्या बंधनांत घडले होते, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

क्योटो येथील निन्टेंडो ही कंपनी सन १८८९ मध्यें हानाफुदा नांवाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते तयार करण्यासाठीं निघाली. त्या कंपनींत सन १९६५ मध्यें गुन्पेई योकोई नांवाचा एक तरुण विद्युत्-अभियंता यंत्रांची देखभाल करण्यासाठीं लागला व पुढें खेळणीं निर्माण करूं लागला. आगगाडीच्या प्रवासांत कंटाळलेला एक गृहस्थ खिशांतल्या गणकयंत्राचीं बटणें उगीच दाबीत बसला आहे हें पाहून, रिकामा वेळ घालविण्यास उपयोगी पडेल असें लहानसें यंत्र करण्याची कल्पना त्यास सुचली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. या हकीकतीच्या मागें एक रोकडें कारणहि आहे. शार्प कंपनीनें १९७३ सालीं द्रव-स्फटिकी पडद्याचें, खिशांत मावणारें गणकयंत्र बाजारांत आणलें. त्यानंतर गणकयंत्रांच्या धंद्यांत किमती उतरविण्याची जी चढाओढ लागली तिच्यामुळें तो पडदा व त्यास चालविणारी चिप हीं दोन्ही स्वस्त झालीं. नव्या शोधाच्या मागें धांवण्यापेक्षां, ज्या तंत्राची नवलाई सरली आहे व ज्याचे गुणदोष सर्वांस ठाऊक झाले आहेत, त्याचा अनपेक्षित ठिकाणीं उपयोग करावा, हें योकोईचें सूत्र होतें. त्या सूत्रांतून एप्रिल १९८० मध्यें ‘बॉल’ हा पहिला खेळ निघाला. यंत्रास घड्याळहि जोडलेलें असे, म्हणून मालेचें नांव ‘गेम अँड वॉच’. ही माला सन १९९१ पर्यंत चालली. तींत विक्रीस आलेले खेळ ५९, व जगभर खपलेलीं यंत्रें सुमारें ४ कोटि ३४ लक्ष.

आतां पडद्याकडे वळूं. दोन पातळ कांचांमध्यें केंसाच्या जाडीहूनहि पुष्कळ कमी अंतर ठेवून त्या फटींत द्रव-स्फटिक भरलेला असतो. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो. पण त्याचे रेणु स्फटिकांतल्याप्रमाणें शिस्तीनें उभे राहतात. सन १८८८ मध्यें फ्रीड्रिख रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचें चमत्कारिक वर्तन प्रथम नोंदलें; पण तें व्यवहाराच्या कामास येण्यास जवळजवळ ऐशीं वर्षें लागलीं. १९७० सालीं मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनीं स्वित्झर्लंडांत जी रचना शोधली तिच्यामुळें या पडद्यांचा खरा प्रसार झाला. या रचनेंत रेणूंची रांग एका कांचेपासून दुसरीपर्यंत काटकोनांत पिळलेली असते. तिच्या संगतीनें प्रकाशाचें कंपनहि वळतें व तो पलीकडच्या गाळणींतून पार पडतो. विजेचा अल्पसा दाब दिला कीं पीळ सुटतो, प्रकाश अडतो, आणि त्या जागीं काळी आकृति उमटते. आकृतीचा आकार मात्र विजेनें ठरत नाहीं. कांचेवर पारदर्शक, विद्युद्वाहक लेपाचा जो तुकडा आधींच कोरून ठेवला असेल, तोच आकार दिसावयाचा, दुसरा नाहीं.

या शेवटच्या गोष्टींत या खेळांचें सर्व सौंदर्यशास्त्र आलें आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर असंख्य ठिपके असतात व त्यांतून वाटेल तें चित्र घडवितां येतें. येथें तसें नाहीं. एखादें माणूस डावीकडून उजवीकडे धांवत गेलें असें आपणांस वाटतें. पण प्रत्यक्षांत कोणीच धांवत नाहीं. पांच जागीं पांच माणसें कायमचीं कोरलेलीं असतात. एक मावळतें आणि शेजारचें उमटतें. यंत्रांत नवी विद्युत्घटमाला घातली म्हणजे क्षणभर सर्व आकृति एकदमच पडद्यावर येतात : उडी मारणारा, पडणारा, हरणारा, वांचणारा, सारे एकाच वेळीं. पडदा उजेडांत तिरपा धरला तरी त्यांच्या फिक्या सांवल्या दिसतात. खेळांत जें जें कधीं काळीं घडूं शकेल तें सर्व त्या कांचेंत अगोदरच लिहिलेलें आहे. खेळणाराच्या हातीं फक्त क्रम आहे. दैव व पुरुषार्थ यांचा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला. पण दोघांच्या वांटण्या इतक्या चोख ठरवून दिलेली वस्तु मीं दुसरी पाहिलेली नाहीं.

बंधन कलेला मारक कीं तारक, हा जुना प्रश्न येथें पुन्हां उभा राहतो. जर्मन टीकाकार लेसिंग यानें १७६६ सालच्या ‘लाओकून’ या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, चित्रकारास काळाच्या ओघांतील एकच क्षण घेतां येत असल्यामुळें त्यानें मागचें व पुढचें दोन्ही सुचवील असा गर्भित क्षण निवडावा. या खेळांच्या चित्रकारावर ही जबाबदारी एका चित्रापुरती नव्हती, प्रत्येक आकृतीपुरती होती. शिवाय एका आकृतीची जागा दुसरीस घेतां येत नसल्यामुळें बोटभर जागेचा हिशेब त्यास ठेवावा लागे. ‘फायर’ हा १९८० मधील खेळ पाहावा. जळत्या घरांतून माणसें उड्या टाकतात. खालीं दोघे जण झोळी धरून उभे असतात. झोळीवर आपटून माणूस उसळतें, पुन्हां उसळतें, व शेवटीं रुग्णवाहिकेंत जातें. त्या हवेंतल्या आकृतींत हातपाय पसरलेला, गोळा झालेला, उलटा झालेला असा प्रत्येक देह आपल्या आधींच्या व नंतरच्या देहाची साक्ष देतो. मधली रिकामी जागा आपला डोळा भरून काढतो. थोडक्या रेषांत एवढें काम करून घेणें हें कसब आहे, आणि त्यास कसब म्हणण्यांत कोणीं संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.

आतां प्रस्तुत विषयाच्या गाभ्याकडे येऊं. सन १९८३ मध्यें या मालेंत ‘टेबलटॉप’ म्हणजे मेजावर ठेवून खेळावयाचीं चार यंत्रें निघालीं : ‘डाँकी काँग ज्युनियर’, ‘मारिओज् सिमेंट फॅक्टरी’, ‘स्नूपी’ व ‘पॉपाय’. करमणूकगृहांतील उभ्या यंत्राची हीं छोटी प्रतिकृति. त्यांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांतील आकृति काळ्या नसून रंगीत आहेत, आणि पार्श्वभूमि काळोखी आहे. हे रंग उजळविण्यास आंत दिवा नाहीं. वरच्या बाजूस एक अर्धपारदर्शक खिडकी आहे. तिच्यांतून बाहेरचा उजेड आंत येतो व रंग पेटल्यासारखे दिसतात. दिवस मावळला, दिवा नाहीं, कीं खेळहि नाहीं. त्याच सुमारास अमेरिकेंतील कोलेको कंपनीचीं ‘पॅक-मॅन’, ‘डाँकी काँग’, ‘फ्रॉगर’ इत्यादि मेजावरचीं यंत्रें खपत होतीं. तींहि आज याच संग्राहकांच्या यादींत असतात. पण त्यांचा पडदा द्रव-स्फटिकी नव्हे. त्यांतील आकृति निर्वात नळींत स्वतःच प्रकाशतात व अंधारांत अधिकच झळकतात. दोहोंच्या रसांत फरक आहे. कोलेकोचें यंत्र करमणूकगृहाचा झगमगाट घरीं आणूं पाहतें. निन्टेंडोच्या यंत्रांतील रंग खिडकीजवळच्या सकाळीं निराळे, ढगाळ दुपारीं निराळे. माझ्या मतें दुसऱ्याचें सौंदर्य अधिक टिकाऊ आहे. कारण तें खोलींतल्या उजेडाशीं नातें ठेवतें व बघणाऱ्यास आपल्या जागेची आठवण देत राहतें.

चौघांत सर्वांत सरस कोणता, असें विचाराल तर मी ‘सिमेंट फॅक्टरी’चें नांव घेईन. कारखान्यांत वरून सिमेंटचे भार येत असतात व ते हौदांत पडतात. मारिओनें झडप उघडून माल खालच्या हौदांत, व तेथून खालीं उभ्या असलेल्या मालमोटारींत सोडावयाचा. हौदांत ठराविकच भार मावतात. वेळेवर झडप उघडली नाहीं तर माल ओसंडून खालच्या मोटारवाल्याच्या अंगावर पडतो. दोन्ही बाजूंचे हौद सांभाळण्यासाठीं मारिओला मधल्या लिफ्टांतून सारखी ये-जा करावी लागते, आणि लिफ्ट चुकली तर तो स्वतः मरतो. एवढीच कथा. पण तिची बांधणी पाहा. येथें शत्रु नाहीं, खजिना नाहीं, सोडवावयाची राजकन्या नाहीं. काम हेंच संकट आहे. डावीकडचें काम उरकावें तों उजवीकडचें सांचतें. वरचा हौद रिकामा केला कीं खालचा भरतो. म्हणजे एका ठिकाणची सुटका हीच दुसऱ्या ठिकाणची अडचण होते. शिवाय हयगयीची शिक्षा प्रथम खालच्या निरपराध मजुरास भोगावी लागते. कारखान्यांतील श्रमाचें इतकें नेमकें रूपक लिहिण्याचा योकोईच्या मंडळींचा हेतु असेल असें मी म्हणत नाहीं; पण हेतु नसतांहि तें उतरलें आहे, आणि परीक्षकानें कृतींत असलेलें पाहावें, कर्त्याच्या मनांतलें नव्हे.

उरलेल्या तिहींना तेवढी उंची लाभलेली नाहीं. ‘डाँकी काँग ज्युनियर’ची कल्पना चतुर आहे. आधींच्या खेळांतील नायक मारिओ येथें तुरुंगाधिकारी झाला आहे व पिंजऱ्यांतल्या बापास सोडवावयास मुलगा निघाला आहे. सहानुभूतीची ही उलटापालट ‘डाँकी काँग’ माहीत असणाऱ्यास विशेष रुचते. न माहीत असणाऱ्यास ती सामान्य सुटकेची गोष्ट वाटते. ‘स्नूपी’मध्यें श्रोडरच्या पियानोंतून निघणारे सूर स्नूपीला हातोड्यानें फोडावे लागतात. संगीतच उपद्रव ठरावें हा विनोद गोड आहे. पण तो पहिल्या पांच मिनिटांत संपतो, आणि पुढें उरते ती हाताची चपळाई. ‘पॉपाय’मध्यें तर यंत्र आपल्या पात्रांच्या कीर्तीवरच जगतें. ई. सी. सेगर यानें १९२९ मध्यें निर्माण केलेला हा खलाशी व त्याचा आडदांड प्रतिस्पर्धी ज्यांस परिचित आहेत त्यांनाच त्या ठोशांत गंमत वाटावी. प्रसिद्ध पात्रांच्या आधारानें उभी राहिलेली कृति त्या पात्रांबरोबरच म्हातारी होते, हा अनुभव नाट्यसृष्टींत आपणांस आहेच.

या सर्व खेळांवर एक मूलगामी आक्षेप घेण्यांत येतो : त्यांस शेवट नाहीं. तीन चुका झाल्या कीं खेळ संपतो. चुका न झाल्या तर गुणांचे आंकडे वाढत जातात, अंकांच्या जागा भरतात, व गणना पुन्हां शून्यावर येते. आदि, मध्य व अंत यांनीं युक्त तेंच पूर्ण, असें ॲरिस्टॉटल सांगून गेला. त्या मापानें हे खेळ अपूर्णच. परंतु हें माप येथें लागू पडतें काय? ओवीला जात्याचा फेरा असतो, भजनाला टाळ असतो. जेथें आवर्तन हाच घाट आहे तेथें अंत शोधावयाचा नसतो. या खेळांत गति हळूहळू वाढते, मध्येंच किंचित् ओसरते, व पुन्हां वाढते. आणि त्या चढउतारावर खेळणाराचा श्वास बांधला जातो. आकृति एका जागेवरून दुसरीवर सरकतांना ठराविक ठेक्याचा बारीक आवाज होतो. तो ठेका ज्याच्या बोटांत उतरला त्यास पडद्याकडे पाहण्याची गरजहि कमी भासते. म्हणून यांस लहान नाटकें म्हणण्यापेक्षां लयीचीं यंत्रें म्हणणें अधिक यथार्थ होईल. तेवढ्या क्षेत्रांत त्यांतील उत्तम खेळ खरोखरच उत्तम आहेत, असा माझा पहिल्या प्रश्नावरील अभिप्राय आहे.

आतां दुर्मिळतेचा प्रश्न. संग्राहक हा शब्द सरसकट वापरतात. वस्तुतः दुर्मिळतेचे तीन निरनिराळे प्रकार आहेत. पहिला, मुद्दाम थोड्या प्रती काढल्यामुळें झालेली. १९८७ सालीं निन्टेंडोनें एका मोटार-शर्यतीच्या खेळाच्या स्पर्धेंतील विजेत्यांस ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाचें पिवळ्या रंगाचें यंत्र बक्षीस दिलें. त्याच्या प्रती १०,००० व त्या दुकानांत कधींच आल्या नाहींत. दुसरा, काळ प्रतिकूल आल्यामुळें झालेली. मेजावरील चार यंत्रें १९८३ सालीं निघालीं, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें त्याच कंपनीचें, दूरचित्रवाणीस जोडावयाचें ‘फॅमिकॉम’ यंत्र जपानांत आलें. घरच्या पडद्यावर असंख्य खेळ खेळतां येऊं लागल्यावर, एकच खेळ जाणणाऱ्या व मेजावरची जागा अडविणाऱ्या यंत्राचे दिवस भरत आले. तिसरा प्रकार, पुष्कळ निघूनहि नाश पावल्यामुळें झालेली. मिल्टन ब्रॅडली कंपनीचें ‘मायक्रोव्हिजन’ हें १९७९ मधील हातांत धरावयाचें यंत्र याचें उदाहरण. त्यांतील खेळ बदलतां येत. पण प्रारंभींच्या काळांतल्या त्याच्या पडद्यांतील द्रव-स्फटिक कालांतरानें बिघडून काळा पडतो, आणि आज चालू पडद्याचें मायक्रोव्हिजन मिळणें कठीण झालें आहे.

या तिन्ही प्रकारांचा गुणाशीं काय संबंध? पहिल्यांत तर कांहींच नाहीं. पिवळ्या यंत्रांत जो खेळ आहे तोच १९८६ मध्यें व १९८८ मध्यें विक्रीसाठीं निघालेल्या यंत्रांत आहे. एक उडी अधिक नाहीं, एक आकृति निराळी नाहीं. संग्राहक जें मोल देतो तें कवचाच्या रंगाला. दुसऱ्या प्रकारांत थोडा संबंध आहे, पण उलट दिशेचा. ‘स्नूपी’, ‘पॉपाय’ व ‘डाँकी काँग ज्युनियर’ हे मेजावरचे खेळ ‘पॅनोरामा’ नांवाच्या, उघडून आरशांत पाहावयाच्या लहान यंत्रांतहि निघाले, आणि ‘सिमेंट फॅक्टरी’ त्याच वर्षीं साध्या पडद्यावरहि निघाली. तेव्हां मेजावरील यंत्राचें स्वतःचें असें धन म्हणजे तो रंग, तो वरून येणारा उजेड, आणि मेजाभोंवतीं उभें राहून दुसऱ्यास पाहतां येईल अशी ती बैठक. हें सर्व धन यंत्र उघडून, उजेडांत ठेवून, खेळल्यावांचून हातीं लागत नाहीं. बंद खोक्यांत तें शून्य आहे.

आपल्या जुन्या घरांतून रुमालांत बांधलेल्या पोथ्या असत. दसऱ्याला त्यांवर गंधफूल पडे. पण रुमालाची गांठ कित्येक पिढ्यांत सुटलेली नसे. त्या पूजकांस निदान आंतील अक्षराविषयीं श्रद्धा होती. बंद खोक्याच्या पूजकाची श्रद्धा खोक्याच्या कोपऱ्यावर आहे. तो दुमडला कीं देव बाटला. आणि गंमत अशी कीं, ही पूजा वस्तूस वांचवीतहि नाहीं. मायक्रोव्हिजनचा पडदा न उघडलेल्या खोक्यांतसुद्धां काळा पडतो. इतर पडद्यांवरील ध्रुवीकारक पापुद्रा वर्षांनुवर्षें पिवळा व धुरकट होत जातो. आंत विसरून राहिलेली विद्युत्घटमाला झिरपून धातूस खाऊन टाकते. ज्याला ‘कोरें’ म्हणून विकत घेतलें तें आंतून मेलेलें आहे कीं जिवंत, हें उघडल्याशिवाय कळावयाचें नाहीं, आणि उघडलें कीं त्याचें कोरेपण गेलें. अशा वस्तूची किंमत केवळ न पाहण्याच्या करारावर उभी आहे.

येथें संग्राहकांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर हें परीक्षण एकांगी होईल. खेळणें ही मनुष्याच्या संसारांतील सर्वांत अल्पायुषी वस्तु. मूल मोठें झालें कीं ती माळ्यावर जाते, माळ्यावरून कचऱ्यांत. या यंत्रांस बाजारांत किंमत आली म्हणूनच कित्येक यंत्रें कचऱ्यांतून परत फिरलीं. पैशाच्या लोभानें का होईना, कोणी तरी यादी केली, आवृत्तींतील फरक टिपले, सुट्या भागांची माहिती जमविली. ग्रंथांच्या बाबतींतहि सूचीकार हा रसिकाच्या आधीं येतो. माझा आक्षेप संग्रहावर नाहीं. संग्रहाच्या अखेरीस रसास्वाद येण्याऐवजीं कुलूप येतें, यावर आहे.

या खेळांचें खरें मोल कशांत होतें याची साक्ष पाहिजे असेल तर ती सोव्हिएट रशियांत मिळते. निन्टेंडोच्या १९८१ मधील ‘एग’ या खेळाची नक्कल १९८० नंतरच्या दशकांत तेथें ‘इलेक्ट्रॉनिका’ या नांवाखालीं निघाली. ‘नू, पोगोदी!’ या लोकप्रिय चित्रपट-मालिकेंतील लांडगा टोपलींत अंडीं झेलतो, असा तो खेळ. त्या यंत्रांचा प्रसार इतका झाला कीं त्यांस दुर्मिळ म्हणणें कठीण. पण मुलांत अशी एक दंतकथा पसरली होती कीं, हजार गुण झाले म्हणजे यंत्र आपोआप एक संपूर्ण व्यंगचित्रपट दाखवितें. वर पाहिलेल्या रचनेमुळें तें सर्वथा अशक्य. कांचेंत जेवढें कोरलें तेवढेंच दिसावयाचें, आणि हजारांच्या ठिकाणीं गणना फक्त शून्यावर यावयाची. तरीहि असंख्य मुलें त्या चित्रपटासाठीं अंडीं झेलीत राहिलीं. स्वस्त, सर्वत्र मिळणाऱ्या, दुसऱ्याची नक्कल असलेल्या यंत्रानें एवढी आशा निर्माण केली. ती आशा हा त्या कृतीचाच एक भाग आहे. आणि न उघडलेल्या खोक्यापाशीं बसून ती कोणास लाभणार नाहीं.

राहिला प्रश्न जतनाचा. तोच सर्वांत निकडीचा आहे, कारण कांचा थांबणाऱ्या नाहींत. संगणकावर जुने खेळ जिवंत ठेवण्याची ‘मेम’ नांवाची योजना १९९७ सालीं सुरू झाली. तींत पुढें हे द्रव-स्फटिकी खेळहि घेण्यांत आले. त्याची रीत मोठी मनोरंजक आहे. या यंत्रांतील शार्प कंपनीच्या चिपमध्यें खेळाचे नियम अवघ्या दोन-तीन हजार बाइटांत लिहिलेले असतात. ते वाचण्यासाठीं चिपचें वरचें कवच अम्लानें विरघळवून, उघड्या पडलेल्या भागाचीं सूक्ष्मदर्शकांतून छायाचित्रें घेऊन, एकेक अंक टिपावा लागतो. पण तेवढ्यानें भागत नाहीं. कारण चित्रें चिपमध्यें नाहींतच, तीं कांचेंत आहेत. त्यामुळें यंत्र खोलून पडदा बाहेर काढावा लागतो, त्याची प्रतिमा घ्यावी लागते, व प्रत्येक आकृतीची कड पुन्हां रेखावी लागते. म्हणजे एका प्रतीचा बळी द्यावा तेव्हां कृति वांचते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें जें काम केलें त्याच्याशीं या कामाची तुलना आकारानें होणार नाहीं; पण जातीनें होईल. दोन्हीकडे वस्तूच्या पूजेपेक्षां पाठाची निष्ठा वरचढ आहे. बंद खोक्याच्या मालकानें आपली प्रत या कामास दिली तर त्याची ठेव नष्ट होईल, हें खरें. परंतु तिच्यांतील खेळ मात्र सर्वांचा होईल.

तथापि या मार्गानेंहि सर्व कांहीं हातीं लागत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. संगणकाच्या स्वयंप्रकाशी पडद्यावर ‘सिमेंट फॅक्टरी’ खेळतां येते; हौद भरतात, लिफ्ट चुकते, मोटारवाला दबतो. पण खिडकींतून आलेल्या उजेडानें रंग पेटावे व ढग येतांच मंदावे, हें तेथें नाहीं. निन्टेंडोनें स्वतः नोव्हेंबर २०२० मध्यें व पुन्हां नोव्हेंबर २०२१ मध्यें ‘गेम अँड वॉच’ या नांवानें नवीं यंत्रें काढलीं. त्यांचा पडदा मात्र आधुनिक, ठिपक्यांचा, आंतून उजळणारा आहे. नांव जुनें, देह नवा. छापील आवृत्तींत हस्तलिखिताचा कागद व शाई येत नाहीं, तसेंच हें. यावर उपाय एकच दिसतो. जीं यंत्रें अद्याप चालतात त्यांतील कांहीं तरी संग्रहालयांत, वाचनालयांत, शाळांत उजेडाच्या जागीं उघडीं ठेवावीं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस तीं खेळूं द्यावीं. त्यांत तीं झिजतील. झिजण्यासाठींच तीं केलेलीं होतीं.

दुर्मिळता ही संख्या आहे आणि सरसता हा गुण आहे. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणें हा तर्काचा दोष आहे, एवढाच या विवेचनाचा निष्कर्ष असता तर तो सांगण्यास इतकीं पानें लागलीं नसतीं. पण या खेळांच्या बाबतींत एक अधिक गंभीर गोष्ट आहे. त्यांतील रस खेळणाऱ्या हातांत उत्पन्न होतो. आणि ज्या पिढीच्या बोटांत तो ठेका उतरलेला आहे ती पिढी आतां उतारवयाकडे झुकली आहे. कांच काळी पडेल तेव्हां ती बदलतां येणार नाहीं. पण ती चालू असतां काय दिसत होतें, कोणता खेळ चांगला होता व कां, हें लिहून ठेवणें तरी आपल्या हातीं आहे. बाजार तें लिहिणार नाहीं. त्याच्या यादींत खोक्याची स्थिति, कवचाचा रंग व प्रतींची संख्या एवढेंच येतें. बाकीचें काम परीक्षकाचें आहे, आणि यंत्रें बोलतीं आहेत तोंवरच तें करून घेतलें पाहिजे.